यवतमाळ प्रांतींचा दुभाषी विद्यार्थी व त्याचा शिक्षक

१. जुन्या कागदांच्या संग्राहकांस पंतोजीचें दप्तर सहसा मोलाचें वाटत नाहीं. सनदा, महजर, निवाडे, वंशावळी आणि पोथ्या यांच्या शोधांत आपण गांवोगांव हिंडतों; परंतु शाळेच्या कपाटांतील दाखल-खारीज रजिस्टरें, शेरेबुकें व मास्तरांच्या खासगी वह्या रद्दीच्या भावानें जातात, तिकडे आपलें लक्ष नसतें. यवतमाळ जिल्ह्याच्या एका महत्त्वाच्या प्रश्नाचा इतिहास याच रद्दींत दडलेला आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो प्रश्न येणेंप्रमाणें: ज्या मुलाची घरची भाषा एक व शाळेची दुसरी, घरचा आचार एक व पुस्तकांतला दुसरा, त्याच्या शिक्षकाची तयारी कशी व्हावी, आणि ती आजवर कोणीं, कोठें व कितपत केली?

२. प्रथम प्रदेशाचा विचार करूं. जिल्ह्याच्या पूर्वेस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा. पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा मुलूख सुरू होतो. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत कळंबची गणना असून तेथें गोंड जमीनदाराचा उल्लेख आहे. इंग्रजी अमलांत हा जिल्हा पूर्वीं वून, म्हणजे वणी, या नांवानें चाले. १९०५ सालीं वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडण्यांत आला व जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. अशा सीमेवरील मुलुखांत भाषा एकच असणें संभवनीय नव्हतें. केळापूर, वणी, मारेगांव, झरी या बाजूस गोंडी व कोलामी. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूच्या तांड्यांत गोरमाटी. आणि सर्वत्र वऱ्हाडी वळणाची मराठी. पैकीं गोंडी व कोलामी या द्राविड कुळांतल्या, तथापि परस्परांहून इतक्या भिन्न कीं एकीच्या ज्ञानानें दुसरी आपोआप कळत नाहीं. गोरमाटी ही आर्य कुळांतली, राजस्थानी बोलींची आप्त. म्हणजे एकाच वर्गांत तीन घरच्या भाषा बसलेल्या असूं शकतात, व चवथी फळ्यावर लिहिलेली असते.

३. या बोलींची लेखी नोंद कधींपासून सांपडते? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे मध्यप्रांतांतील आदिवासींविषयींचे कागद त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत शब्दसंग्रह आहेत. पुढें ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा चवथा खंड १९०६ सालीं निघाला. त्यांतील द्राविड भाषांचा भाग स्टेन कोनौ यांनीं लिहिला असून कोलामीस त्यांत स्वतंत्र स्थान आहे. त्याच खंडांतील एक गोष्ट संशोधकांनीं ध्यानांत धरण्याजोगी आहे. पुसद तालुक्यांतील कांहीं लोकांची बोली नोंदींत ‘भिली’ म्हणून आली होती. नमुना तपासतां ती भिली नव्हे, कोलामीच्या जवळची द्राविड बोली आहे, असें कोनौ यांस आढळलें. शेजाऱ्यांनीं जें नांव ठेवलें तेंच कारकुनानें लिहिलें, व बोलीचें खरें स्वरूप नांवाआड झांकलें गेलें.

हा दोष एकट्या त्या कारकुनाचा मानूं नये. प्रस्तुत लेखकानें पाहिलेल्या कित्येक दाखल-खारीज रजिस्टरांत ‘मातृभाषा’ या रकान्याखालीं वरपासून खालपर्यंत ‘मराठी’ हा एकच शब्द आहे, व मुलांचीं नांवें पाहतां निम्मीं मुलें कोलाम पोडावरचीं आहेत. उद्यां एखादा अभ्यासक या रजिस्टरावरून त्या गांवीं कोलामी नव्हती असें अनुमान काढील, तर त्यास दोष कसा द्यावा? दप्तर खोटें बोलत नसेल, पण विचारलें नाहीं तें तें सांगतहि नाहीं.

कोलामीचा शास्त्रीय अभ्यास पुढें दोघांनीं केला. मरे एमेनो हे १९३५ ते १९३८ या काळांत हिंदुस्थानांत होते. त्यांनीं वर्धा जिल्ह्यांतील कोलामांच्या तोंडून सामग्री घेतली व तिचा ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. दुसरे सेतुमाधवराव पगडी. मराठ्यांच्या इतिहासाचे व फारसी साधनांचे जाणकार म्हणून ते आपल्या वाचकांस परिचित आहेत. परंतु हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेंत असतांना त्यांनीं गोंडी व कोलामी या भाषांचाहि अभ्यास केला व १९५० सालीं कोलामीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, हें थोड्यांच्याच ध्यानीं असतें. फारसी अखबार वाचणाऱ्या पंडितास कोलामी कमी प्रतीची वाटली नाहीं, एवढें येथें नमूद करून ठेवितों.

४. शिष्याच्या भाषेवरून शास्त्राकडे जावें, ही कल्पना परकीय आहे अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नाहीं. बाराव्या शतकांत काशीच्या दामोदर पंडितानें ‘उक्तिव्यक्तिप्रकरण’ रचलें. मुनि जिनविजय यांनीं तें १९५३ सालीं प्रकाशांत आणलें. विद्यार्थी घरीं जी लोकभाषा बोलतो तिचीं वाक्यें घ्यावयाचीं, त्यांतील कर्ता, कर्म, क्रिया उलगडून दाखवावयाच्या, व मग तींच संस्कृतांत कशीं होतात तें शिकवावयाचें, असा त्या ग्रंथाचा क्रम आहे. गुजराथ व राजपुतान्यांतील ‘औक्तिक’ या नांवाचे ग्रंथ याच जातीचे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेला ‘राजव्यवहारकोश’ हाहि दोन भाषांमधील सेतूच होय. दफ्तरांत रुळलेल्या यावनी शब्दास संस्कृत प्रतिशब्द देतांना त्यास आधीं तो यावनी शब्द लिहावा लागला.

यवतमाळकरांस तर हा विचार अधिक जवळचा असावा. येथील डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं शारदाश्रमाच्या द्वारें महानुभावांच्या पोथ्या जमविल्या व १९२५ सालीं त्या वाङ्मयावर ग्रंथ लिहिला. त्या पंथाच्या ‘स्मृतिस्थळां’त नागदेवाचार्यांनीं केशिराजास संस्कृत रचनेपासून परावृत्त केल्याची कथा आहे. सामान्य स्त्रीपुरुष अनुयायांस जें कळणार नाहीं तें लिहून काय उपयोग, हा त्यांतला आशय. तेराव्या शतकांत मराठीच्या बाजूनें जो न्याय मागितला गेला, तोच आज मराठीच्या दारांत उभें राहून कोलामी मागत आहे, व या वेळीं द्वारपाल आपण आहों.

५. अर्वाचीन काळांत या प्रश्नास तोंड फुटलें तें वर्धा येथें. १९३७ च्या ऑक्टोबरांत तेथें शिक्षणपरिषद भरली व झाकीर हुसेन समितीनें मातृभाषेंतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली. परंतु आमच्या भागांत ‘मातृभाषा’ म्हणजे मराठी असेंच बहुधा धरलें गेलें. त्याच सुमारास त्याच जिल्ह्यांत एमेनो कोलामांपुढें वही घेऊन बसले होते. ज्या पुरुषास त्या भाषेंत शाळा काढावयाची नव्हती तो ती शिकत होता, व ज्यांस शाळा चालवावयाच्या होत्या त्यांच्या कानीं ती पडली नव्हती.

खरा प्रयोग झाला तो पैनगंगेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यांत. १९४० सालीं कुमरम भीम या गोंड पुढाऱ्याचा उठाव निजामाच्या पोलिसांनीं मोडला व त्यांत तो मारला गेला. त्यानंतर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ तेथें गेले, व त्यांच्या सूचनेवरून १९४३ सालीं मारलवाई या गोंड खेड्यांत शिक्षक तयार करण्याचें केंद्र उघडण्यांत आलें. या योजनेचे तीन विशेष सांगतां येतात. पहिला, बाहेरचा पदवीधर आणून त्यास गोंडी शिकविण्याऐवजीं अल्पस्वल्प मराठी अक्षरओळख असलेले गोंड तरुणच निवडून त्यांस शिक्षक केलें. दुसरा, गोंडी वाचनपुस्तकें नागरी लिपींत तयार केलीं, म्हणजे मूल एकदां अक्षरें शिकलें कीं मराठीचें दारहि त्यास उघडें राही. तिसरा, केंद्र शहरांत न ठेवितां गोंडांच्या वस्तींतच ठेविलें. त्यामुळें शिकणाऱ्याचा आपल्या आचाराशीं संबंध तुटला नाहीं.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत आदिलाबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशांत गेला व तेथें तेलुगु हें शिक्षणाचें माध्यम झालें. किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यांत आले. एकच गोंड समाज, एकच बोली. नदीच्या एका तीरावर मराठी पुस्तक, दुसऱ्या तीरावर तेलुगु. त्याच वर्षीं घटनेंत ३५० अ हें कलम घालण्यांत येऊन भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करण्याचा निर्देश राज्यांस झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि शक्यतों मातृभाषाच माध्यम असावी असें म्हटलें. तथापि त्या मातृभाषेंत शिकवूं शकणारा शिक्षक कोठून आणावयाचा, याचें उत्तर मारलवाईनें जितक्या सरळपणें दिलें तितकें कोणत्याहि कलमानें दिलेलें नाहीं.

६. येथें स्वतःचा एक अनुभव सांगणें प्राप्त आहे. प्रस्तुत लेखक संस्कृत विषय घेऊन शिक्षक झाला, व नोकरीच्या आरंभीं जिल्ह्याच्या पूर्व भागांतील एका शाळेंत होता. वर्गांत एक कोलाम मुलगा कधीं बोलत नसे. एका दुपारीं तो उठून ‘ईर’ एवढेंच म्हणाला. मला अर्थ कळला नाहीं, वर्ग हंसला, मीं त्यास बसविलें. तो तहानलेला होता. पुढें थोड्याच दिवसांत त्याचें नांव पटावरून कमी झालें. शेऱ्याच्या रकान्यांत ‘मंद’ हा शब्द मीं माझ्या हातानें लिहिला होता.

अनेक वर्षांनीं बरो व एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश चाळतांना तो शब्द डोळ्यांपुढें आला. तमिळ ‘नीर्’, कानडी ‘नीरु’, तेलुगु ‘नीरु’, आणि कोलामी ‘ईर’, अर्थ पाणी. अमरकोशाच्या वारिवर्गांत येणारा ‘नीर’ हा शब्दहि संस्कृतांत द्राविडांतूनच आला असावा, असें अनेक विद्वानांचें मत आहे. जो शब्द मीं अमरकोशांतून पाठ करवून घेत होतों, तोच त्या मुलानें मजपाशीं मागितला होता, व मीं तो ओळखला नाहीं. मंद कोण होतें, हें वाचकांनींच ठरवावें.

७. शिक्षकाच्या तयारींत काय असावें, हें या बोलींच्या व्याकरणावरूनच पुष्कळ ठरतें. कोलामींत पुरुषवाचक नामें एका वर्गांत, व स्त्रिया, प्राणी, वस्तु हीं सर्व दुसऱ्या वर्गांत. अर्थात् ‘आई गेलं’ असें म्हणणारें मूल अडाणी नसतें. तें आपल्या भाषेचा नियम मराठींत पाळीत असतें. कोलामीच्या मूळ शब्दांत महाप्राण नाहींत. म्हणून ‘घर’ चें ‘गर’ होतें. उलट, ऐकणाऱ्यास वगळून ‘आम्ही’ व त्यास धरून ‘आपण’ हा भेद इंग्रजींत नाहीं, पण मराठींत आहे व कोलामींतहि आहे. तेथें मूल चुकणार नाहीं. म्हणून मराठीचा पाठ तेथूनच आरंभावा. दामोदर पंडितानें हेंच केलें असतें.

आचाराचेंहि तसेंच. महाभारत शिकवितांना भीम हा पुस्तकांतला पात्रविशेष म्हणून येतो. कोलामांचा भीमायक हा पोडाचा देव आहे. वर्गांतील त्या एका मुलाजवळ या विषयाचें जें ज्ञान असतें तें शिक्षकाजवळ नसतें. त्यास विचारलें तर तो बोलूं लागतो.

यावर आक्षेप दोन. शिक्षकाची बदली होते, मग त्यानें किती बोली शिकाव्या? आणि पालकांसच मराठी-इंग्रजी हवी असते. पहिल्याचें उत्तर असें कीं कोणी व्याकरणपारंगत व्हावें ही अपेक्षा नाहीं. दोन-तीनशें शब्द, वाक्यरचनेची ओळख व पोडावरील एखाद्या जाणत्याचा स्नेह एवढ्यानें आरंभ होतो, आणि बदलून जाणाऱ्यानें आपली वही मागें ठेविली तर येणाऱ्यास तो आरंभ पुन्हा करावा लागत नाहीं. दुसऱ्याचें असें कीं पालकांची मागणी रास्त आहे, मराठी यावीच. घरच्या भाषेच्या पायरीवरून ती लवकर येते, एवढेंच म्हणणें आहे.

८. आतां संग्राहकांस विनंति. ज्या ‘वही’चा वर उल्लेख केला त्या वह्या काल्पनिक नाहींत. कोणीं शिकवितां शिकवितां शब्दांच्या याद्या केल्या, कोणीं गाणीं उतरून घेतलीं, कोणीं गोरमाटी म्हणींपुढें मराठी अर्थ लिहिले. अशा तीन वह्या मजपाशीं आहेत. चवथी ज्यांच्याकडे होती त्यांच्या निधनानंतर घरच्यांनीं ती रद्दींत घातली. कोलाम ही महाराष्ट्रांत आदिम म्हणून गणलेल्या तीन जमातींपैकीं एक आहे, व तिच्या भाषेंतील लेखी साधनें बोटांवर मोजण्याइतकीं आहेत. चौदाव्या शतकांतील पोथीचें एक पान हरवलें तर आपण हळहळतों. हीं पानें आपल्या डोळ्यांदेखत हरवत आहेत.

तरी ज्यांस अशी वही आढळेल त्यांनीं ती कोणत्या गांवीं, कोणत्या पोडावरून, कोणत्या सालीं, व कोणाच्या हातची, एवढें टिपून ठेवावें. मूळ अगर नक्कल मंडळाच्या दप्तरांत द्यावी. आणि एक नक्कल ज्या शाळेंत ती लिहिली गेली तेथें पोंचवावी. तेथील नवा शिक्षक ती उघडील, व ‘ईर’ म्हणणाऱ्या मुलास पाणी देईल.