ठोका सोसणारं लोखंड

वैशाखऱ्याहून नाणेघाटाची चढण जिथे लागते, तिथे तुम्ही उभे आहात. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. वर, खिंडीच्या तोंडाशी, ज्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या यज्ञांची आणि दानांची नोंद राहणार आहे, तिथून टाकीचे घाव ऐकू येताहेत. कल्याण बंदराचा माल याच वाटेने जुन्नरला चढतो. एक पोरगा बोथट टाक्यांची जुडी घेऊन खाली धावतो. त्याच्यामागे जा.

लोहाराचा भाता चालू आहे. लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सियस लागतात. लाकडी कोळशाची भट्टी तिथवर पोचत नाही. त्यामुळे खनिजातून मिळतो तो मळीने भरलेला सच्छिद्र गोळा. घणाचे घाव बसतात तशी मळी उडते आणि उरतं ते जवळपास कार्बन नसलेलं, नरम लोखंड. ते वाकतं, पसरतं, फुटत नाही. पण काळ्या कातळावर त्याचं तोंड दुमडतं. म्हणून लोहार टाकीचं टोक निखाऱ्यात दडपून बराच वेळ ठेवतो. कोळशातला कार्बन त्यात मुरतो. मग तो टोकाला पाणी देतो. चर्र! टोक कठीण झालं, दांडा नरमच राहिला. कार्बनचं नाव त्याला माहीत नाही, पण तो किती वेळात मुरतो हे माहीत आहे.

आता 1860. आसनगावापर्यंत आगगाडी आली आहे, कसाऱ्याच्या दिशेने रूळ पडताहेत. माहुलीचे सुळके समोर दिसतात. बाजूला व्हा, खांद्यावर रूळ घेतलेली माणसं येताहेत. हे रूळ इंग्लंडहून बोटीने आलेत आणि घडीव लोखंडाचे आहेत. तिकडे आधी बिडाचे रूळ होते. इंजिनाच्या वजनाखाली ते फुटत. 1820 मध्ये बेडलिंग्टनच्या जॉन बर्किनशॉने घडीव लोखंड रोलरमधून काढून लांब रूळ बनवण्याचं पेटंट घेतलं. त्या वेळी इंग्रज याच घडीव लोखंडाला ‘मॅलिएबल आयर्न’ म्हणत. रुळाचा एक टाकाऊ तुकडा गावच्या लोहाराकडे येतो. तो तापवून ऐरणीवर ठेवतो, घण घालतो. तुकडा पसरतो. लोहार समाधानाने मान हलवतो. साता समुद्रापलीकडचं हे लोखंड त्याच्या हाताच्या ओळखीचं आहे.

1892. तानसाचं दगडी धरण पुरं झालं आहे आणि शहापूर तालुक्याचं पाणी मुंबईला निघालं आहे. वाटेत बिडाचे नळ आहेत. त्यातला फुटका तुकडा लोहाराच्या नातवाने भट्टीत घातलाय. लाल झाल्यावर तो घाव घालतो आणि तुकड्याच्या ठिकऱ्या उडतात. पोराचा हात चुकलेला नाही. बिडात तीन-चार टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते सहज वितळतं, साच्यात हवा तो आकार घेतं, पण ठोका सोसत नाही. जमिनीत पडून राहणाऱ्या नळाला ते चालतं. जिथे पान्याचा पीळ बसतो त्या लहान सांध्याला चालत नाही.

यावरचा उपाय तेव्हा जगात होता, या ऐरणीपर्यंत आला नव्हता. फ्रान्सच्या रेओम्यूरने 1722 मध्येच लिहून ठेवलं होतं, की बिडाचे ओतीव भाग लोहखनिजात पुरून दिवसेंदिवस तापवले तर नरम होतात. अमेरिकेत नेवार्कच्या सेथ बॉयडनने 1826 मध्ये दुसरी वाट काढली. त्याच्या भट्टीपाशी चला. आत पांढऱ्या बिडाचे भाग आहेत. त्यांतला कार्बन लोखंडाशी जखडलेला, म्हणून ते काचेसारखे ठिसूळ. नऊशे अंशांच्या आसपास तासामागून तास जातात तशी ती पकड सुटते. कार्बन आतल्या आत लहान पुंजक्यांत गोळा होतो आणि मधे नरम लोखंड मोकळं होतं. मग सावकाश थंड करायचं. घाई केली तर कार्बन पुन्हा जखडला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता आजच्या मुरबाडात या. हार्डवेअरच्या दुकानात एल्बो, टी, सॉकेट, युनियन मांडलेत. यांतले मॅलिएबलचे, म्हणजे आता घडीव लोखंडाचे नव्हे तर असं नरम केलेल्या बिडाचे, भाग ओतीव आहेत म्हणून त्यांना असले वळणदार आकार मिळाले. भट्टीत मुरले म्हणून ते पान्याचा पीळ सोसतात. त्याच तालुक्यात पौषातल्या म्हसा यात्रेत कोयता घेऊन पाहा. त्याच्या धारेलाही कुणीतरी रंग ओळखून, क्षण साधून पाणी दिलेलं असतं.

कारखान्यातल्या भट्टीच्या तक्त्यात अंश आणि तास लिहिलेले असतात. लोहार लोखंडाचा रंग आणि घणाचा आवाज ओळखतो. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, कार्बन कुठे आणि कसा बसतोय यावर. तरीही तक्त्याला आपण शिक्षण म्हणतो आणि लोहाराच्या भात्याला नुसता परंपरागत धंदा. शहापूर-मुरबाडच्या आयटीआयत शिकणाऱ्या मुलांना दोन्ही मिळायला हवं. वर्गात कार्बनची टक्केवारी शिकवावी आणि त्याच आठवड्यात गावच्या लोहाराला मानधन देऊन, गुरुजी म्हणून बोलवावं. बीड फोडून, लोखंड वाकवून, टाकीला पाणी देऊन पाहिलेलं पोर धातुशास्त्राचं पुस्तक उघडेल, तेव्हा त्यातली आकृती त्याला पाठ करावी लागणार नाही.