सदिशांची घटकांद्वारे बेरीज

सदिशांची घटकांद्वारे बेरीज : विस्थापन, वेग, प्रेरणा यांसारख्या ज्या राशींना परिमाणाबरोबर दिशाही असते, त्यांना सदिश म्हणतात. अशा राशींची बेरीज समांतरभुज चौकोनाच्या कर्णाने मिळते. परंतु प्रेरणांची संख्या वाढली की आकृती किचकट होते आणि मोजणीतील चूक प्रत्येक पायरीला वाढत जाते. म्हणून प्रत्येक सदिशाचे परस्परांना लंब अशा अक्षांवरील घटक काढून त्यांची निरनिराळी बेरीज करतात. उदा., एक प्रेरणा १० एकक व तिच्याशी ६०° कोन करणारी दुसरी प्रेरणाही १० एकक असल्यास, पहिल्या प्रेरणेच्या दिशेत घटकांची बेरीज १० + ५ = १५ व तिला लंब दिशेत ८·६६ येते. या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे सु. १७·३२ एकक, हे फलिताचे परिमाण होय.

ही युक्ती आज शाळकरी वाटत असली, तरी ती रूढ होण्यास फार काळ लागला. सीमॉन स्टेव्हीन यांनी १५८६ मध्ये त्रिकोणी ठोकळ्यावर टाकलेल्या १४ गोलांच्या माळेचा विचार केला. माळ आपोआप फिरत राहिली, तर शाश्वत गती मानावी लागेल व ते अशक्य आहे, या एवढ्याच युक्तिवादावरून त्यांनी उतरणीवरील समतोलाचा नियम मिळविला. गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये प्रक्षिप्त वस्तूची गती क्षितिजसमांतर एकसमान गती व उभी प्रवेगी गती अशी विभागली व तिचा मार्ग अन्वस्त असल्याचे दाखविले. दोन्ही गती एकमेकींत ढवळाढवळ करीत नाहीत, हे त्यामागील खरे धाडसी गृहीतक होय. न्यूटन व प्येअर व्हारीन्याँ यांनी १६८७ मध्ये, एकाच वर्षी, प्रेरणांच्या संयोगाचा नियम स्वतंत्रपणे मांडला.

तथापि घटक कोणत्या दिशांत घ्यावयाचे, हे अद्याप ठरलेले नव्हते. ऑयलर यांनी १७३६ च्या ग्रंथात ते मार्गाच्या स्पर्शिकेच्या व लंबाच्या दिशेत घेतले; मार्ग वळला की दिशाही बदलत. अवकाशात स्थिर असे लंब अक्ष घेण्याची पद्धत कॉलिन मॅक्लॉरिन यांच्या १७४२ च्या ग्रंथात आढळते, आणि लाग्रांझ यांनी तिचे श्रेय त्यांनाच दिले आहे. ऑयलर यांनी पुढे गतीचे नियम तीन अक्षांवरील तीन समीकरणांत लिहिले. यामिकी भूमितीकडून बीजगणिताकडे वळली ती येथे.

या सोयीची किंमतही होती. एकच नियम तीनदा लिहावा लागे. मॅक्सवेल यांच्या १८६५ च्या निबंधात विद्युत् चुंबकीय क्षेत्राची समीकरणे २० झाली. हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये क्वाटर्नियन शोधले. ‘सदिश’ व ‘अदिश’ यांसाठी वापरात असलेल्या पाश्चात्त्य संज्ञाही त्यांच्याच. मात्र त्यांच्या पद्धतीत सदिशाचा वर्ग ऋण येतो व ते भौतिकीविज्ञांना गैरसोयीचे वाटे. विलर्ड गिब्ज व ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी आवश्यक तेवढाच भाग उचलून निराळे सदिश विश्लेषण रचले. हॅमिल्टन यांचे कट्टर अनुयायी पीटर टेट यांना ही मोडतोड मुळीच रुचली नाही आणि १८९० नंतरच्या दशकात नेचर नियतकालिकातून कडवट वाद झाला. गिब्ज यांच्या व्याख्यानांवर आधारलेला एडविन विल्सन यांचा पाठ्यग्रंथ १९०१ मध्ये निघाला व त्यांची पद्धत रूढ झाली. हॅमिल्टन यांची अक्षदर्शक तीन चिन्हे मात्र तीत टिकून राहिली.