धूर, वाफ आणि कायदा : ई-सिगारेटबंदीचा न्यायालयीन प्रवास

जून २०१६ मध्ये कर्नाटक शासनाच्या आरोग्य विभागाने ई-सिगारेटची निर्मिती, विक्री, आयात आणि जाहिरात यांवर राज्यात बंदी घातली. या बंदीविरुद्ध वापरकर्त्यांच्या ‘असोसिएशन ऑफ व्हेपर्स इंडिया’ या संघटनेने बंगळुरूत कर्नाटक उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. एखाद्या वस्तूच्या बंदीविरुद्ध उत्पादकांइतकेच तिचे ग्राहकही उभे राहावेत, हे आपल्याकडे क्वचितच घडते.

वादाचे मूळ भौतिकशास्त्रात आहे. पेटत्या सिगारेटच्या टोकाशी तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. त्या ज्वलनातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्ककारक संयुगे निर्माण होतात. ई-सिगारेटमध्ये ज्वलन नसते. विजेवर तापणारी तार प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि निकोटीन यांच्या द्रावणाची वाफ करते. म्हणून विषारी घटक कमी असतात, हा वापरकर्त्यांचा मुख्य युक्तिवाद. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये ही हानी सुमारे ९५ टक्क्यांनी कमी असल्याचा अंदाज मांडला होता. मात्र ‘कमी हानिकारक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. निकोटीनचे व्यसन दोन्हींकडे तेच, आणि दीर्घकालीन परिणाम कळण्यास दशके लागतात.

कायद्यापुढील पेच वेगळाच होता : ही वस्तू आहे तरी काय? तीत तंबाखूचे पान नाही, म्हणून २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा तिला सहज लागू होत नव्हता. औषध मानावे, तर १९४० च्या औषध कायद्याचा आधार घ्यावा लागे. पण ती उपचारासाठी विकली जात नव्हती. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१० मध्ये हाच प्रश्न हाताळून उपचाराचा दावा नसलेल्या ई-सिगारेटला औषध मानण्यास नकार दिला होता. मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही प्रथमदर्शनी ती ‘औषध’ ठरत नसल्याचे सांगून विक्री रोखण्याविषयीच्या केंद्रीय परिपत्रकास स्थगिती दिली.

तंबाखू आणि आरोग्य यांचा तोल कर्नाटक उच्च न्यायालयापुढे अन्य रूपातही आला होता. वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापणाऱ्या चित्रमय इशाऱ्यांचे नियम त्याने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केले. परंतु जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांच्या आरोग्यास प्राधान्य देत त्या निकालास स्थगिती दिली.

ई-सिगारेटविषयीची संदिग्धता अखेर संसदेने मिटवली. मे २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या श्वेतपत्रिकेने पूर्ण बंदीची शिफारस केली. अमेरिकेत त्या वर्षी २७.५ टक्के माध्यमिक विद्यार्थी ई-सिगारेट ओढत असल्याचे सर्वेक्षणात आढळले होते. १८ सप्टेंबरला केंद्राने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, तर पुढील गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. साठा करणेही दंडनीय आहे. वैयक्तिक वापर मात्र स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदवलेला नाही.

वस्तू कोणत्या व्याख्येत बसते, या प्रश्नाला स्वतंत्र कायद्याने उत्तर मिळाले. मूळ तुलनेचे उत्तर मात्र त्यातून मिळाले नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २६.७ कोटी प्रौढ तंबाखू सेवन करत होते, तर ई-सिगारेट वापरणारे ०.०२ टक्के होते. विडी आणि सिगारेट आजही कायदेशीर आहेत. नव्या पिढीला नव्या व्यसनापासून वाचवणे आणि जुन्या व्यसनात अडकलेल्यांना बाहेर काढणे ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत. बंदीने पहिल्याकडे लक्ष दिले. दुसऱ्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रे, समुपदेशन आणि निकोटीन च्युइंगगमसारखे उपाय प्रत्येक तालुक्यापर्यंत पोहोचवणे, हे काम अजून बाकी आहे.