लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी : वस्तीची स्थिती व पोलीस कारवाई (धाराशिव जिल्हा)

लैंगिक अत्याचाराची तक्रार पोलीस कशी हाताळतात, हे कायद्याइतकेच पीडितेच्या वस्तीवर, म्हणजे तेथील दारिद्र्य, वास्तव्याचे स्थैर्य व सामाजिक प्रतिष्ठा यांवर अवलंबून असते. धाराशिव जिल्ह्यात मुख्य अडसर हंगामी स्थलांतराचा आहे. कोरडवाहू व भूमिहीन कुटुंबे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उघड्या रानातील कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) राहतात; तेथे अत्याचार झाल्यास पोलीस ठाणे परके, उचल अंगावर आणि हंगाम संपताच साक्षीदार पांगणारे, अशा कोंडीत अनेकींची तक्रार ठाण्यापर्यंत पोहोचतच नाही. पारधी वस्त्यांतील पोलिसांविषयीचा अविश्वास याहून जुना आहे, कारण जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला तरी संशय टिकून राहिला.

कायदा मात्र टप्प्याटप्प्याने बदलत गेला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात १९७२ मध्ये आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष ठरवले; त्या अन्यायाविरुद्धच्या आंदोलनातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. लैंगिक अत्याचाराची फिर्याद नोंदवून न घेणारा पोलीस २०१३ पासून शिक्षेस पात्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ‘झीरो एफआयआर’ला, म्हणजे हद्द न पाहता फिर्याद नोंदवून ती संबंधित ठाण्याकडे पाठवण्याच्या पद्धतीला, स्पष्ट आधार दिला. ऊसतोड मजूर स्त्रीला ही तरतूद विशेष मोलाची आहे, कारण सांगली-कोल्हापूरकडे घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद तिला गावी परतल्यावर कळंब किंवा भूमच्या ठाण्यातही देता येते.