गुलाबाची भूक आणि कोकणची माती

मालवणच्या किनाऱ्यावर गुलाब लावणाऱ्याकडे शेजारी थोड्या कौतुकाने आणि पुष्कळशा दयेने पाहतात. माड, आंबा, अबोली आणि जास्वंद यांचा हा प्रांत. गुलाब येथे पाहुणा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हौसेने दहा कलमे परसात लावली. माडाच्या आळ्यात मासळी पुरण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. जे माडाला मानवते ते गुलाबाला का मानवू नये, असा विचार करून मी खारवलेली सुकी तारली प्रत्येक आळ्यात पुरली. पंधरा दिवसांत पाने कडेने करपू लागली आणि महिनाभरात दहापैकी सात कलमे गेली. माड मीठ सोसतो, गुलाब सोसत नाही, एवढे साधे ज्ञान मला सात झाडांच्या मोलाने मिळाले. त्या खेदापोटी मी खतांचा इतिहास वाचू लागलो. त्यातून जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षांच्या चिकित्सेवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातू आणि मांस पाण्यात सात रात्री कुजत ठेवून ते पाणी झाडाला घालावे, असे तो सांगतो. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात मांसमासळी शिजवून व कुजवून केलेल्या ‘कुणपजला’ची कृती आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. नलिनी साधले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही ग्रंथांत एक गोष्ट समान आहे. वस्तू कच्ची मुळाशी घालावयाची नाही. आधी ती कुजवावयाची. मी नेमके हेच विसरलो होतो.

आता जरा दूर जाऊ. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ चिंचा नावाची बेटे आहेत. तेथील समुद्रपक्षी मासळीवर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेचे थर शतकानुशतके त्या बेटांवर साठत गेले. काही ठिकाणी ते शंभर फुटांहून खोल होते. या खतास ‘ग्वानो’ म्हणतात. हुंबोल्ट या जर्मन प्रवाशाने १८०४ साली त्याचे नमुने युरोपात नेले, आणि १८४० नंतर त्याचा प्रचंड व्यापार सुरू झाला. ते खणण्यासाठी करारावर आणलेल्या चिनी मजुरांचे अतोनात हाल झाले. पुढे १८६४ साली स्पेनने ती बेटेच बळकावली. खतासाठी बेटे बळकावली जावीत, यावरून त्याचे मोल समजावे.

याच काळात गुलाबही बदलत होता. युरोपातील जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. चीनमधून आलेल्या गुलाबांशी त्यांचा संकर झाला आणि पुनःपुन्हा फुलणाऱ्या जाती निपजल्या. गिओ या फ्रेंच बागवानाचा १८६७ सालचा ‘ला फ्रान्स’ हा आजच्या बागेतील कलमी गुलाबांचा आद्य पूर्वज मानला जातो. जे झाड वारंवार फुलते त्याला वारंवार खावयास लागते. आपल्या कलमी गुलाबाची भूक मोठी आहे ती यामुळे.

परंतु मुख्य प्रश्न पुढेच आहे. तो ग्वानो तेथे साठला कसा? पक्षी तर आपल्याकडेही आहेत आणि मासळीही आहे. याचे उत्तर असे की, त्या बेटांवर पाऊस जवळजवळ पडतच नाही. आपल्या सिंधुदुर्गात मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथे जे शतकानुशतके टिकले, ते येथे एका पावसाळ्यात समुद्राला मिळेल.

पावसाने आपल्या मातीचे हेच केले आहे. ज्या दगडाला आपण जांभा म्हणतो, त्याला बुकॅनन याने १८०७ साली विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. जांभ्याच्या मातीतून चुना आणि पालाश वाहून जातात. मागे राहतात ते लोह आणि ॲल्युमिनियम, आणि ते स्फुरदाला असे धरून ठेवतात की मुळांना ते सहजी मिळत नाही. किनाऱ्याच्या पुळणीत तर धरून ठेवणारे काहीच नाही.

लीबिग याने १८४० साली वनस्पतींच्या आहाराचे रसायन मांडले, हाबर याने १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, आणि १९५१ साली आपल्या सिंद्री येथे अमोनियम सल्फेट तयार होऊ लागले. ही विद्या खरीच मोठी. परंतु गळक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरत नाही. हे खत तर आमच्या आम्ल मातीला आणखी आम्ल करते. आमची पहिली गरज घागरीचे छिद्र बुजविण्याची आहे.

ते काम कुजलेला पालापाचोळा करतो. इंदूर येथे १९२४ साली निघालेल्या संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पाचोळा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर रचून, ते तीनदा उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. त्यांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचावा, ही त्यांची सूचना कोकणाला विशेष उपयोगी आहे.

आता माझा सध्याचा परिपाठ सांगतो. मासळी ताजी, बिनमिठाची घ्यावी. ती ढिगाच्या मध्यभागी पातेरा आणि शेण यांखाली पुरावी, म्हणजे कुत्री उकरीत नाहीत. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की गुलाबाची छाटणी करून, प्रत्येक झाडास घमेलेभर हे खत आणि मूठभर हाडांचा चुरा मातीत मिसळून द्यावा. हाडांचा चुरा आम्ल मातीत सावकाश विरघळून उपयोगी पडतो. पुढे बहर ओसरेल तसे, भुईमुगाची पेंड चार दिवस भिजवून, ते पाणी दसपट पातळ करून घालावे. विकतचे खत वापरावयाचेच तर चमचाभर, ओल्या मातीत आणि खोडापासून दूर. आषाढ-श्रावणात मात्र काही घालू नये. ते झाडाला न मिळता ओहोळाला मिळते.

गेलेल्या सात कलमांच्या जागी मी नवी लावली आहेत, आणि उरलेली तीन अजून फुलत आहेत. खत निवडताना दुकानातील पोते पाहण्याआधी आपल्या परसातील मूठभर माती हातात घ्यावी, आणि ती काय धरते व काय सोडते हे पाहावे, एवढेच माझे सांगणे.