दिवा विझतो की विझवला जातो?

रायपूरच्या समता कॉलनीतून बोलतोय. मागच्या वेळी आपण पडद्याबद्दल बोललो. आज पडद्याच्या बरोब्बर उलट टोकाला, प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये जाऊ.

चालू खेळात प्रोजेक्टरचा दिवा एकदम बंद पडतो. दहा मिनिटांनी लावला की लागतो, आणि अर्ध्या तासाने पुन्हा अंधार. ही तक्रार घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "दिवा गेलाय, नवीन टाकू." माझा अनुभव वेगळा आहे. संपत आलेला दिवा पेटायला कुरकुर करतो, पेटला तर थरथरतो. पण जो स्वच्छ जळत असताना एका क्षणात जातो आणि थोड्या वेळाने पुन्हा तसाच स्वच्छ जळतो, त्याला बहुतेक वेळा यंत्रातल्याच एखाद्या स्विचने विझवलेलं असतं. तो स्विच तिथे कसा आला, त्याला इतिहास आहे. तो ऐकायला सुखाचा नाही.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दिसली ती 7 जुलै 1896 रोजी. त्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची, 4 मे 1897 ची गोष्ट. पॅरिसमध्ये बड्या घरच्या बायकांनी दानधर्मासाठी बाजार भरवला होता. लाकडी मांडव, वर कापडाचं छत, आणि रंगवलेल्या कापडांनी उभी केलेली जुन्या काळातली गल्ली. एका बाजूला सिनेमाचा खेळ. प्रोजेक्टरचा दिवा ईथर आणि ऑक्सिजनवर जळणारा. ईथर संपत आलं आणि दिवा मंदावला. तो पुन्हा भरायचा, तर केबिनमध्ये अंधार. दिसावं म्हणून मदतनिसाने काडी ओढली. ईथरची वाफ पेटली, कापड पेटलं, आणि काही मिनिटांत सुमारे सव्वाशे माणसं गेली. त्यात बहुतेक बायका होत्या. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची सख्खी बहीणही त्यातच गेली.

यात एक गोष्ट नजरेतून सुटते. तो दिवा भडकला नव्हता, तो विझायला आला होता. माणसं गेली ती त्याला लवकर चालू करण्याच्या घाईत.

पुढची कित्येक वर्षं फिल्म नायट्रेटची होती, म्हणजे ती स्वतःच जळाऊ. दिव्यासमोर थांबली की पेट घ्यायची. आपल्याकडे 1918 साली सिनेमॅटोग्राफ कायदा आला. त्याचं नाव काढलं की सगळे सेन्सॉरबद्दल बोलतात. पण लोकांच्या जिवाची पुरेशी काळजी घेतल्याशिवाय खेळाच्या जागेला परवाना द्यायचा नाही, हेही त्याच कायद्यात होतं. याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

त्या काळातला दिवा म्हणजे कार्बन. दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मध्ये ठिणगीचा झोत. कांड्या जळून आखूड होत, मधलं अंतर वाढे, आणि ऑपरेटरने त्या वेळेवर पुढे सरकवल्या नाहीत तर झोत तुटे. खाली शिट्ट्या सुरू! पण दिवा का गेला हे काळ्या काचेतून डोळ्यांना दिसत असे. बिघाड शोधावा लागत नव्हता. दिव्यावर लक्ष ठेवणारा एकच, ऑपरेटर.

1950 नंतर जर्मनीतल्या ओसराम कंपनीचे झेनॉन दिवे आले आणि चित्र बदललं. कांड्या सरकवण्याचा व्याप गेला. पण क्वार्ट्झच्या त्या फुग्यात गॅस थंड असतानाही दाबाखाली कोंडलेला असतो, तापला की दाब आणखी वाढतो. फुटला तर काचेच्या गोळ्या सुटल्यासारखं होतं. म्हणून तो बदलताना तोंडावर जाळी आणि हातात जाड मोजे. आणि म्हणूनच दिव्याच्या पेटीचं दार उघडलं तर दिवा बंद करणारा एक स्विच, हवेचा झोत कमी झाला तर बंद करणारा दुसरा, रेक्टिफायर तापला तर बंद करणारा तिसरा. हे सगळे एकाच साखळीत. एकाने हात सोडला की दिवा गेला. पूर्वी ऑपरेटर जे डोळ्यांनी पाहायचा, ते काम आता या स्विचांकडे आलं. फरक एवढाच, की का विझवलं हे ते सांगत नाहीत.

आता आमच्या गावाकडे. सिनेमाच्या धंद्यात छत्तीसगड अजूनही 'सीपी-बेरार'मध्येच धरतात. सीपी-बेरार हा प्रांत कधीच गेला, आमचं राज्यही 2000 साली वेगळं झालं, पण सिनेमावाल्यांच्या नकाशावर रायपूर आणि अमरावती अजून एकाच घरात नांदतात. असो. इथल्या एका जुन्या एकपडदा थिएटरात मे महिन्यात दुपारचा खेळ पाऊण तासाने अंधारात जायचा, रात्रीचा मात्र बिनघोर चालायचा. मालकाने नवा दिवा आणला. दोन दिवसांनी तेच. शेवटी ऑपरेटर म्हणाला, "हवा का स्विच डायरेक्ट कर देते हैं." म्हणजे दोन्ही टोकं तारेने जोडायची, स्विच मुका करायचा.

मी म्हटलं, आधी बघू तरी. दुपारी विझतो आणि रात्री नाही, याचा अर्थ उष्णता. निवल्यावरच पुन्हा पेटतो, याचाही अर्थ तोच. विझताना अँपिअरचा काटा डळमळतो का? नाही, एकदम शून्यावर येतो. म्हणजे दिवा दमलेला नाही, साखळी तुटतेय. पंखा फिरत होता, पण पंखा फिरणं वेगळं आणि हवा वाहणं वेगळं. गच्चीवर जाऊन धुराड्याची टोपी काढली, तर आत कबुतरांचं घरटं आणि जाळीवर बोटभर धूळ. स्विच आपलं काम चोख करत होता. तो मुका केला असता, तर दुपारच्या उन्हात तापलेला दिवा पेटीत फुटला असता, आणि शेजारी ऑपरेटर उभा असता.

धुराडं साफ करूनही त्रास राहिला, तर मी दिव्याच्या जाड तारांची टोकं बघतो. 2 किलोवॅटच्या दिव्यातून 70-80 अँपिअर वाहतात. नट जरा सैल असला की टोक तापतं, काळं पडतं, काळं पडलं की आणखी तापतं. वीज बंद करून, पेटी थंड होऊ देऊन हे तपासायचं. काळं टोक घासून पुन्हा घट्ट करून भागत नाही, ते कापून नवं बसवावं लागतं, तेही क्रिम्पिंगच्या मशीननेच.

मशीनचा आग्रह कशासाठी, ते सांगतो. पॅरिसनंतर बरोबर 100 वर्षांनी, 13 जून 1997 रोजी, दिल्लीच्या उपहार सिनेमात 'बॉर्डर' लागला होता. तिथे सकाळीच ट्रान्सफॉर्मरला आग लागून गेली होती. दुरुस्ती उरकली, पण तारेचं टोक मशीनऐवजी हातोडीने ठोकून बसवलं होतं, असं पुढे चौकशीत निघालं. संध्याकाळी तोच जोड सैल पडून ठिणग्या उडाल्या. धूर वरच्या बाल्कनीत भरला आणि 59 माणसं गुदमरून गेली. त्या दिवशी सकाळी आग विझल्यावर सगळ्यांना एकच घाई होती, वीज लवकर चालू करण्याची.

आमच्या त्या थिएटरच्या धुराड्याला आता जाळीची टोपी आहे. कबुतरं बाजूच्या कठड्यावर बसतात. ऑपरेटरने भिंतीवर खडूने दोन रकाने आखलेत : दिवा कधी गेला आणि किती वेळाने लागला.