चार सोनेरी चित्रे आणि एक जुना फोटो

आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक नक्कल पुढे ख्रिस्ती प्रार्थनेच्या पोथीत गेली. चर्मपत्राची पाने खरवडली, धुतली, मधोमध दुमडून आडवी फिरवली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. त्यामुळे नव्या ओळी जुन्या ओळींना काटकोनात छेदतात. हे कधी झाले? अतिनील प्रकाशात पोथीची पुष्पिका वाचता आली: लेखनिक इओआनेस मायरोनास, एप्रिल १२२९.

डॅनिश पंडित हायबर्ग यांनी १९०६ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये ही पोथी तपासली आणि काही पानांचे फोटो काढून घेतले. १९९८ मध्ये क्रिस्टीजच्या न्यूयॉर्कमधील लिलावात ती २० लाख डॉलरला गेली, तेव्हा तिच्या चार पानांवर शुभवर्तमानकारांची सोनेरी चित्रे होती. दिसायला अगदी मध्ययुगीन. पण आज चित्राने झाकलेले एक पान हायबर्ग यांच्या फोटोत कोरे नाही, चित्रितही नाही. त्यावर नुसता मजकूर आहे. म्हणजे ते चित्र १९०६ नंतरचे.

पुढचा पुरावा रंगातच सापडला. चित्रांत थॅलोसायनिन हिरवा आहे आणि तो १९३८ पूर्वी बाजारात मिळत नव्हता. चित्रांचे नमुनेही सापडले: आँरी ओमाँ यांनी १९२९ मध्ये छापलेल्या ग्रीक हस्तलिखितांच्या चित्रसंग्रहातले कृष्णधवल फोटो.

मजकूर उलगडायचे काम बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात झाले. एकाच पानाचे वेगवेगळ्या प्रकाशात फोटो घेतले. तांबड्या प्रकाशात जुनी शाई विरते, अतिनील प्रकाशात दोन्ही लेखन गडद दिसते. हे दोन फोटो संगणकावर एकत्र केले की प्रार्थना काळ्या आणि आर्किमिडीज तांबूस उमटतो. सोनेरी मुलाम्याखाली मात्र ही युक्ती चालेना. म्हणून २००५ मध्ये ती पाने स्टॅनफर्डच्या क्ष-किरण यंत्रासमोर ठेवली. जुन्या शाईत लोह आहे. किरण पडताच ते स्वतःचे किरण परत देते, आणि त्यांच्या नोंदीतून अक्षरे जुळतात.

अक्षरे यंत्राने दाखवली, पण चित्रे बनावट ठरवायला रंगाच्या तपासणीइतकाच तो १९०६ चा फोटो कामी आला. आपल्याकडच्या पोथ्यांचे जुने, पुसट फोटो कोणी जपून ठेवले असतील, तर नवे स्कॅन झाले म्हणून ते टाकू नयेत.